थंडरबर्डमध्ये जुना मेल शोधताना: कोणता शोध नेमका कुठे पाहतो

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण लातूरजवळच्या एका कृषी सेवा केंद्राचे हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळता. दुकानाच्या संगणकावर थंडरबर्ड या ईमेलच्या प्रोग्राममध्ये कित्येक वर्षांचे मेल साठले आहेत. २०२० च्या खरिपात सोयाबीनच्या एका लॉटविषयी पुरवठादाराने पाठविलेला मेल आपल्याला आता हवा आहे. वरच्या चौकटीत कंपनीचे नाव लिहिले की हजारो मेल समोर येतात आणि लॉट नंबर लिहिला की एकही येत नाही. मेल आला होता याची आपल्याला खात्री आहे, कारण त्याची छापील प्रत त्या वेळी एका शेतकऱ्याला दिली होती. त्या हंगामात सोयाबीन उगवले नाही म्हणून मराठवाडाभर तक्रारी झाल्या होत्या, त्यामुळे असा कागद आजही किती मोलाचा आहे हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे. थंडरबर्डमध्ये शोधाची एकच सोय नाही. तेथे तीन वेगवेगळे शोध आहेत. ते तीन वेगवेगळ्या ठिकाणी पाहतात आणि शब्द जुळला की नाही हेही वेगवेगळ्या रीतीने ठरवतात. म्हणून "सापडले नाही" या उत्तराचा अर्थ "या शोधाने जेथे पाहिले तेथे, या रूपात, ते नव्हते" एवढाच घ्यावा. मेल नाहीसा झाला असा निष्कर्ष काढण्यापूर्वी तिन्ही शोध करून पाहणे आवश्यक आहे.

आपण वापरली ती सर्वांत वरची चौकट ग्लोबल सर्चची आहे. कंट्रोल आणि के ही बटणे दाबली की कर्सर तेथे जातो. हा शोध २००९ मध्ये थंडरबर्डच्या तिसऱ्या आवृत्तीबरोबर आला आणि तो मूळ मेल पाहत नाही. मेल वाचून आधीच तयार केलेल्या सूचीत तो पाहतो. ही सूची प्रोफाइलच्या फोल्डरमध्ये, म्हणजे थंडरबर्ड आपले मेल आणि सेटिंग ठेवतो त्या फोल्डरमध्ये, ग्लोबल-मेसेजेस-डीबी नावाच्या एका एसक्यूलाइट (डेटाबेसच्या) फाइलमध्ये असते. सूची तयार असल्यामुळे सर्व खात्यांतील आणि सर्व फोल्डरांतील निकाल क्षणात येतात, निकालांच्या बाजूला खाते, फोल्डर आणि व्यक्ती यांनुसार गाळण्याची सोय मिळते, आणि कोणत्या वर्षी किती मेल जुळले हे दाखवणारा काळपट्टाही मिळतो. काळपट्ट्यावरील २०२० च्या दांड्यावर क्लिक केले की हजारो निकालांतून त्या वर्षाचेच उरतात. निकाल नेहमीच्या यादीच्या रूपातही उघडता येतात. मी स्वतः तसेच करतो, कारण यादीत तारखेप्रमाणे क्रम लावता येतो.

पण या शोधाच्या मर्यादा मराठीत काम करणाऱ्याला विशेष जाणवतात. सूची पूर्ण शब्दांची असते आणि शब्दांची मूळ रूपे ओळखण्याची जी युक्ती तिच्यात आहे ती इंग्रजीपुरती आहे. मराठीतील विभक्तिप्रत्यय तिला कळत नाहीत. आपण "बियाणे" लिहिले आणि मेलमध्ये "बियाण्याच्या" असेल, तर तिच्या दृष्टीने हे दोन वेगळे शब्द आहेत. शिवाय ट्रॅश आणि जंक ही फोल्डरे सामान्यतः या सूचीत घेतलीच जात नाहीत. अन्य एखाद्या फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये ग्लोबल सर्चमध्ये समावेश करण्याची खूण काढलेली असेल, तर तेही वगळले जाते. मराठी मजकूर शोधायचा असेल तेव्हा ग्लोबल सर्चवर विसंबू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्रजी नावे, कंपन्या आणि मोठा कालखंड यांसाठी तो उत्तम आहे.

दुसरा शोध म्हणजे क्विक फिल्टर, आणि माझ्या मते रोजच्या कामात सर्वांत अधिक उपयोगाचा हाच आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि के दाबले की मेलच्या यादीवर एक पट्टी उघडते. हा फिल्टर समोर उघडलेल्या फोल्डरमधीलच मेल गाळतो. इनबॉक्स उघडा असेल तर सेंटमधील काहीही त्याला दिसणार नाही. पट्टीवर न वाचलेले, तारांकित, ॲड्रेस बुकमधील व्यक्तींचे, टॅग लावलेले आणि अटॅचमेंट असलेले मेल निवडण्याची बटणे असतात. चौकटीत अक्षरे लिहू लागताच आणखी चार बटणे दिसतात: पाठविणारा, ज्यांना पाठविले ते, विषय आणि मजकूर. यांपैकी मजकुराचे बटण बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. लॉट नंबर विषयात नसून पत्राच्या आत असेल आणि हे बटण दाबलेले नसेल, तर तो सापडणे शक्य नाही. त्याचप्रमाणे सेंट फोल्डरमध्ये शोधताना, ज्यांना पाठविले ते हे बटण दाबलेले असले पाहिजे, कारण तेथे प्रत्येक मेलचा पाठविणारा आपणच असतो. पट्टीवर पिनेचे चिन्हही आहे. ते दाबून ठेवले की एका फोल्डरवरून दुसऱ्यावर गेल्यावर फिल्टर पुसला जात नाही. एकच शब्द एकापाठोपाठ एक फोल्डरांत पाहायचा असेल तर त्याने बराच वेळ वाचतो. मात्र काम झाल्यावर ती पिन काढावी. नाहीतर दुसऱ्या दिवशी इनबॉक्स रिकामा दिसतो आणि मेल येणे बंद झाले असा समज होतो.

क्विक फिल्टर शब्दाचा तुकडाही जुळवतो, आणि मराठीसाठी ही मोठी सोय आहे. "अनुदान" लिहिले की "अनुदानाची", "अनुदानासाठी" हे सर्व येते. पण मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी पुष्कळ शब्दांचे रूप आतूनच बदलते, आणि तेथे पूर्ण शब्द लिहिणे अडचणीचे ठरते. "विमा" लिहिले तर "विम्याची रक्कम" सापडत नाही. "हप्ता" लिहिले तर "हप्त्याबाबत" सापडत नाही. उपाय असा की शब्दाचा न बदलणारा भागच लिहावा: "विम", "हप्त", "रस्त", "बियाण". असा तुकडा लिहिल्याने काही नको असलेले मेलही येतील, पण नको असलेले चार मेल डोळ्यांनी वगळणे हे हवा असलेला एक हुकण्यापेक्षा केव्हाही बरे.

ऱ्हस्वदीर्घाचा प्रश्नही याच रीतीने सुटतो. एक कार्यालय "मंजुरी" लिहिते, दुसरे "मंजूरी". कोणी "माहिती", कोणी "माहीती". कोणी "सोयाबीन", कोणी "सोयाबिन". संगणकाला ही सगळी वेगळी अक्षरे आहेत, म्हणून "मंज", "माह", "सोयाब" एवढ्यावर थांबावे. "शेतकऱ्यांना" या शब्दात आणखी एक अडचण आहे: त्यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारांनी साठवला जातो, आणि कोणता कीबोर्ड वापरला यावर ते ठरते. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधात जुळत नाहीत. "शेतक" लिहिले की हा प्रश्न उरत नाही.

अंकांबाबतही हीच काळजी घ्यावी लागते, आणि आपला लॉट नंबर न सापडण्याचे एक कारण येथे असू शकते. देवनागरी अंक आणि इंग्रजी अंक हे संगणकाच्या दृष्टीने वेगळे आहेत. पुरवठादाराने इंग्रजी अंकांत लिहिले असेल आणि आपण मराठी कीबोर्डवरून देवनागरी अंक टाकले असतील, तर काहीही जुळणार नाही. त्यात लॉट नंबरमध्ये बहुधा मधे आडवी रेघ, तिरकी रेघ किंवा मोकळी जागा असते आणि ती प्रत्येक जण आपापल्या पद्धतीने देतो. म्हणून पूर्ण नंबर न लिहिता त्यातील सलग आलेले तीन-चार अंकच इंग्रजीत लिहावेत. रकमेचेही तसेच आहे: कोणी स्वल्पविराम देऊन लिहितो, कोणी न देता. अशा वेळी क्विक फिल्टरमध्ये दोन्ही रूपे लिहून त्यांच्यामध्ये उभी रेघ द्यावी. उभ्या रेघेचा अर्थ "हे किंवा ते" असा होतो. नुसती मोकळी जागा दिली तर दोन्ही शब्द असलेलेच मेल येतात, आणि अवतरणचिन्हांत लिहिले तर तो शब्दसमूह जसाच्या तसा शोधला जातो.

या उभ्या रेघेचा आपल्या भागात आणखी एक उपयोग आहे. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. त्यामुळे एकाच कार्यालयाशी झालेला पत्रव्यवहार आता दोन नावांखाली विखुरलेला आहे, आणि काही मेलमध्ये मजकुरात नवे नाव तर खालच्या तयार सहीत अजून जुनेच नाव असते. "उस्मानाबाद | धाराशिव" असे लिहिल्यास दोन्ही काळांतील मेल एकत्र मिळतात. रोमन लिपीतील मेल असतील तर त्यांचे स्पेलिंगही जोडावे लागेल. बीडचे नाव कोणी दोन ई घालून लिहितो तर कोणी एका आयने, हे आपल्याला ठाऊक आहेच.

आता तिसरा शोध, जो आपल्या कामासाठी मी सर्वांत आधी सुचवीन. एडिट मेनूमधील फाइंडखाली सर्च मेसेजेस आहे. मेनूची पट्टी दिसत नसेल तर विंडोजवर ऑल्ट दाबल्यावर ती दिसते, किंवा कंट्रोल, शिफ्ट आणि एफ दाबून थेट तेथे जाता येते. येथे कोणत्या खात्यात किंवा फोल्डरमध्ये पाहायचे ते आपण ठरवतो, उपफोल्डरे धरायची की नाही ते ठरवतो, आणि एकाखाली एक अटी घालतो. अट पाठविणाऱ्याची, विषयाची, मजकुराची, तारखेची, आकाराची, टॅगची किंवा अटॅचमेंट आहे की नाही याची असू शकते. हा शोध तयार सूचीवर अवलंबून नसल्यामुळे हळू चालतो, पण नीट मांडलेल्या अटींना दिलेले त्याचे उत्तर मला अधिक विश्वासार्ह वाटते.

आपल्या प्रश्नाला लावायचे तर, आपल्याला या मेलविषयी चार गोष्टी माहीत आहेत: तो पुरवठादाराकडून आला, तो पेरणीच्या सुमाराचा आहे, तो सोयाबीनच्या लॉटविषयी आहे, आणि त्याची छापील प्रत काढली होती, म्हणजे बहुधा त्याला अटॅचमेंट होती. यांपैकी सर्वांत पक्की गोष्ट काळाची आहे, म्हणून सुरुवात तिच्यापासून करावी. तारखेच्या दोन अटी घालाव्यात: एक ३१ मे २०२० नंतरची आणि दुसरी १ ऑगस्ट २०२० पूर्वीची. दोन्ही अटींत सांगितलेला दिवस स्वतः धरला जात नाही, म्हणून जून आणि जुलै पूर्ण मिळण्यासाठी तारखा अशा एक दिवस अलीकडे-पलीकडे घ्याव्या लागतात. तिसरी अट पाठविणाऱ्याची ठेवावी, आणि तीत कंपनीचे नाव न लिहिता तिच्या ईमेल पत्त्यातील ॲट या चिन्हानंतरचा भाग लिहावा. याचे कारण असे की त्या कंपनीचा विभागीय प्रतिनिधी, लेखा विभाग आणि गोदाम हे वेगवेगळ्या नावांनी लिहितात, पण पत्त्याचा तो भाग सारखा असतो. वरच्या बाजूला सर्व अटी जुळाव्यात हा पर्याय निवडावा. लॉट नंबरची अट या टप्प्यावर घालूच नये. दोन महिन्यांत एका पुरवठादाराचे येतील तेवढे मेल डोळ्यांनी पाहता येतात, आणि डोळे अटॅचमेंटचे नाव किंवा ओळखीचा विषय फार लवकर टिपतात.

एवढे करूनही मेल सापडला नाही, तर पाठविणाऱ्याचीच अट चुकीची असण्याची शक्यता मी प्रथम तपासतो. अशी पत्रे अनेकदा कंपनीच्या अधिकृत पत्त्यावरून येत नाहीत. प्रतिनिधी आपल्या खासगी जीमेलवरून पाठवतो, किंवा तालुक्याचा घाऊक विक्रेता ते पुढे ढकलतो. ती अट काढून टाकून, अटॅचमेंट असलेले मेल एवढीच अट तारखांबरोबर ठेवून पुन्हा पाहावे.

या खिडकीची एक उणीव आहे: सर्व अटी जुळाव्यात किंवा कोणतीही एक जुळावी, एवढे दोनच पर्याय मिळतात, "या दोन तारखांच्या मध्ये, आणि हा शब्द किंवा तो शब्द" अशी मिश्र मांडणी तेथे करता येत नाही. त्यावर उपाय म्हणजे खालचे सेव्ह ॲज सर्च फोल्डर हे बटण. त्याने या अटींचे एक कायमचे फोल्डर तयार होते. त्यात मेलच्या प्रती नसतात, फक्त अटींना जुळणारे मूळ मेल तेथे दिसतात. म्हणून तेथून मेल डिलीट केला तर तो मूळ जागेवरूनही जातो, हे लक्षात ठेवावे. "खरीप २०२०" नावाचे असे फोल्डर करून त्यात पुरवठादाराची सर्व फोल्डरे निवडावीत, सेंट आणि ट्रॅशही धरावीत, आणि मग त्या फोल्डरवर क्विक फिल्टर लावून उभ्या रेघेने हवे तितके पर्यायी शब्द देऊन पाहावे. क्विक फिल्टरची एका फोल्डरपुरती असलेली मर्यादा यामुळे नाहीशी होते. मोठ्या पत्रव्यवहारात मी इतका उपयोगी पडणारा दुसरा मार्ग पाहिलेला नाही.

शब्द आठवत नसतील तर आजूबाजूच्या मेलवरून जाता येते. त्या दिवशी बँकेचा आरटीजीएसचा मेल आला असेल किंवा ट्रान्सपोर्टची बिल्टी आली असेल, तर तो मेल शोधावा, तो निवडलेला असताना फिल्टर काढावा, आणि तारखेप्रमाणे लावलेल्या यादीत त्याच्या वरखाली पाहावे. त्याच विषयावरील एखादे उत्तर सापडले तर त्यावर कंट्रोल, शिफ्ट आणि ओ दाबावे. त्या संवादातील बाकीचे मेल, ते वेगळ्या फोल्डरमध्ये असले तरी, एकत्र उघडतात. तारखेबाबत मात्र एक सावधगिरी: मेलवर दिसणारी तारीख पाठविणाऱ्याच्या संगणकाने घातलेली असते, आणि त्याचे घड्याळ चुकलेले असेल तर जून २०२० चा मेल यादीत भलत्याच वर्षी जाऊन बसतो. मेल प्रत्यक्ष केव्हा पोहोचला हे दाखवणारा रिसीव्ह्डचा स्तंभ यादीत वेगळा लावता येतो. संशय आल्यास त्याप्रमाणे क्रम लावून पाहावा.

कोणत्याही शोधाला दिसू शकत नाहीत अशा काही गोष्टी आहेत. थंडरबर्ड अटॅचमेंटच्या आतील मजकूर शोधत नाही. लॉट नंबर फक्त स्कॅन करून जोडलेल्या पीडीएफमध्ये असेल, तर तो कोणत्याही चौकटीत लिहिला तरी निकाल शून्यच येईल. आपल्या बाबतीत हेच घडले असावे असे मला वाटते. व्हॉट्सॲपवर आलेल्या कागदाचा फोटो काढून मेलने पाठवला असेल तर तेथेही तेच. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर आत रोमन अक्षरांत साठलेला असतो, त्यामुळे देवनागरीत शोधून तोही मिळत नाही. अशा मेलसाठी तारीख आणि पाठविणारा याच अटी उरतात.

मेल संगणकावर पूर्ण उतरलेले आहेत की नाही हेही तपासावे. खाते आयमॅप पद्धतीचे असेल तर मूळ मेल सर्व्हरवर असतात, आणि खात्याच्या सेटिंगमधील सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज या भागात अलीकडच्या काही दिवसांचेच मेल उतरवण्याची मर्यादा घातलेली असू शकते. तशी मर्यादा असेल तर जुन्या मेलचे मथळे यादीत दिसतात, पण मजकूर येथे नसल्यामुळे मजकुरातील शोध त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. ती मर्यादा काढून, इंटरनेट बरे चालते अशा वेळी संगणक रात्रभर चालू ठेवावा आणि सर्व मेल उतरू द्यावेत. घाई असेल तर सर्च मेसेजेसच्या खिडकीत सर्व्हरवर शोध चालवण्याची खूण आहे, ती लावून पाहता येते. जीमेलचे खाते असल्यास एकच मेल इनबॉक्समध्ये आणि ऑल मेलमध्ये असा दोनदा दिसतो. ती दोन पत्रे समजू नयेत.

आपल्याकडे लाइट अचानक जाते आणि इन्व्हर्टर नसलेला संगणक तसाच बंद पडतो. अशा वेळी सूची अर्धवट राहू शकते. यादीत डोळ्यांना दिसणारा मेल शोधात येत नसेल, तर हे कारण धरून चालावे. एका फोल्डरपुरता घोटाळा असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमधील रिपेअर फोल्डर हे बटण वापरावे. ग्लोबल सर्चच सदोष वाटत असेल तर हेल्प मेनूतील ट्रबलशूटिंग इन्फर्मेशनमधून प्रोफाइलचे फोल्डर उघडावे, थंडरबर्ड पूर्ण बंद करावे, ग्लोबल-मेसेजेस-डीबी ही एकच फाइल तेथून दुसरीकडे हलवावी आणि थंडरबर्ड पुन्हा सुरू करावे. सूची नव्याने बनू लागते आणि तिची प्रगती टूल्समधील ॲक्टिव्हिटी मॅनेजरमध्ये दिसते. हे करण्यापूर्वी संपूर्ण प्रोफाइलची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावीच. त्या फोल्डरमध्ये मेलच्या मूळ फाइलही असतात, आणि चुकीची फाइल हलवली गेल्यास नुकसान मोठे आहे.

मेल सापडल्यावर तो फक्त छापून किंवा पुढे पाठवून थांबू नये. सेव्ह ॲज वापरून तो ईएमएल फाइलच्या रूपात जतन करावा. त्यात पाठविणाऱ्याचा पत्ता, मेल कोणकोणत्या सर्व्हरवरून आला याची नोंद, मेसेज-आयडी (त्या मेलचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आणि अटॅचमेंट हे सर्व राहते, जे छापील प्रतीत राहत नाही. हा मेल ग्राहक आयोगापुढे किंवा न्यायालयात द्यावा लागणार असेल, तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र लागते. ते कोणी आणि कोणत्या नमुन्यात द्यायचे हे आपल्या वकिलांना विचारून ठरवावे, आणि तोपर्यंत मूळ मेल आहे त्या फोल्डरमध्येच राहू द्यावा.